ओला, वाळलेला आणि भिजलेला चारा

आपल्याकडे चाऱ्याची विभागणी सोपी आहे. हिरवा असेल तो ओला चारा. कडबा, पेंढा, वाळलेले गवत हा सुका चारा. जनावराला दोन्ही लागतात, हे शेतकऱ्याला कुणी सांगावे लागत नाही. पण अलीकडे गोठ्यात एक तिसरा प्रकार वारंवार येऊ लागला आहे. तो म्हणजे आधी वाळलेला आणि मग भिजलेला. कापून शेतात आडवी पडलेली ज्वारी अवकाळी पावसात सापडते. गंजीवर टाकलेला कागद वाऱ्याने उडतो आणि रात्रभरात पाणी आत उतरते. वरून दोन दिवस ऊन पडले की कडबा पुन्हा वाळल्यासारखा दिसतो. पेंढी सोडली की मात्र आत काळे-पांढरे डाग आणि कुबट वास.

अशा वेळी शेतकऱ्यापुढचा पेच खरा असतो. उन्हाळाभर पुरवायची वैरण फेकून द्यायची, तर दावणीला काय घालायचे? विकतचा कडबा परवडत नाही. मग बुरशी झटकून, चांगल्यात थोडी मिसळून, कुट्टी करून ती वैरण जनावरापुढे जाते आणि भुकेले जनावर ती खातेही. प्रश्न तिथून सुरू होतो आणि तो गोठ्यापुरता राहत नाही. दुधातून तो घराघरात पोहोचतो. म्हणून चाऱ्यात पाणी किती, ते केव्हा आले आणि त्याच्यासोबत हवा होती का, हे शहरातल्या वाचकानेही समजून घेण्यासारखे आहे.

वाळणे म्हणजे नेमके काय?

नुकत्या कापलेल्या हिरव्या गवतात वजनाच्या सुमारे पाऊण ते चार पंचमांश भाग पाणी असते. कापल्यावर गवत लगेच मरत नाही. त्याच्या पेशींचा श्वास काही तास चालू राहतो आणि त्यात साठवलेली साखर खर्च होत राहते. म्हणून गवत जितक्या लवकर वाळेल, तितके त्यातले सत्त्व टिकते. सावकाश, ढगाळ हवेत वाळलेले गवत वजनाला तेवढेच भरले, तरी पोषणाला कमी पडते.

पाण्याचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या खाली आले की बुरशी आणि जिवाणूंना वापरता येईल असे पाणी उरत नाही. तिथे चारा ‘टिकाऊ’ होतो. २० टक्क्यांच्या वर ओलावा असताना गंजी रचली, तर आत सूक्ष्मजीवांचे काम सुरू होते आणि त्यांच्या श्वसनातून उष्णता बाहेर पडते. गंजीच्या पोटातून ही उष्णता सहज निघून जात नाही. चारा आतून तापतो, तपकिरी होतो, त्याला तंबाखूसारखा किंवा करपलेल्या गुळासारखा वास येतो. गंमत अशी, की असा चारा जनावरे आवडीने खातात. पण त्या उष्णतेत साखर आणि प्रथिने एकमेकांना अशी चिकटलेली असतात, की ती प्रथिने जनावराला नीट पचत नाहीत. तापमान ७० अंशांच्या पुढे गेले, तर पुढच्या रासायनिक क्रिया सूक्ष्मजीवांशिवायच चालतात आणि कुणी काडी न लावता गंजी पेटू शकते.

कडब्याच्या बाबतीत एक अडचण आणखी आहे. ज्वारीचे पान लवकर वाळते, पण जाड कांड्यातला भुसभुशीत गाभा ओलावा धरून ठेवतो. बाहेरून हात लावून कोरडा वाटणारा कडबा आतून ओला असू शकतो.

रक्त गोठेना, म्हणून

दमट चाऱ्यात काय घडू शकते, याची सर्वांत गाजलेली गोष्ट उत्तर अमेरिकेतली आहे. १९२०च्या दशकात कॅनडातल्या आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गुरांमध्ये एक विचित्र आजार दिसू लागला. शिंगे कापणे किंवा खच्चीकरण अशा नेहमीच्या कामानंतर जनावराचे रक्त थांबतच नसे. काही जनावरे जखमेशिवायच अंतर्गत रक्तस्रावाने मरत. ही सगळी गुरे ‘स्वीट क्लोव्हर’ नावाच्या द्विदल वनस्पतीचे वाळलेले गवत खात होती. कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी एकाच गंजीतल्या चांगल्या आणि बुरशी लागलेल्या काड्या वेगळ्या केल्या आणि त्या वेगवेगळ्या सशांना खाऊ घातल्या. चांगल्या काड्या खाणारा ससा ठणठणीत राहिला, बुरशीच्या काड्या खाणारा रक्तस्रावाने मेला. दोष वनस्पतीचा नव्हता, तिच्या साठवणीचा होता.

पण त्या बुरशीच्या गवतात होते काय? १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या बरणीत न गोठलेले रक्त आणि खराब झालेले गवत घेऊन बर्फवादळातून विद्यापीठात पोहोचला. तिथले जैवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या चमूने त्यावर अनेक वर्षे काम केले आणि १९३९मध्ये ते द्रव्य वेगळे काढले. नव्या वाळलेल्या गवताला जो गोडसर सुगंध येतो, त्याला कारणीभूत असणारे एक द्रव्य म्हणजे कुमारिन. स्वीट क्लोव्हरमध्ये ते भरपूर असते आणि एरवी निरुपद्रवी असते. गवत दमट राहिले की बुरशी त्याचे रूपांतर करते आणि डायकुमारॉल तयार होते. हे द्रव्य शरीरातल्या ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवते. त्या जीवनसत्त्वावाचून यकृतात रक्त गोठवणारे घटक तयार होत नाहीत.

याच घराण्यातले एक जास्त प्रभावी संयुग लिंक यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आले. ते १९४८मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. विस्कॉन्सिनच्या संशोधन प्रतिष्ठानाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव ठेवले गेले ‘वॉर्फरिन’. १९५०च्या दशकाच्या मध्यात ते माणसांसाठी औषध म्हणून वापरात आले. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असलेल्या रुग्णांना आजही वॉर्फरिन किंवा त्याचे भावंड असलेले ॲसिनोकुमारॉल दिले जाते. ‘मेथी-पालक एके दिवशी भरपूर आणि मग आठवडाभर अजिबात नाही, असे करू नका,’ असे डॉक्टर या रुग्णांना सांगतात. पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व असते आणि ते औषधाच्या विरुद्ध बाजूने काम करते, हे त्यामागचे कारण. घरातल्या आजीच्या गोळीचे मूळ असे एका दमट गंजीत आहे.

आपल्या गोठ्यात स्वीट क्लोव्हर सहसा नसते. पण या गोष्टीतला धडा सगळ्या चाऱ्याला लागू पडतो. मूळ वनस्पतीत नसलेले विष बुरशीने नंतर तयार केले होते. एकदा तयार झालेले असे विष चारा पुन्हा उन्हात घातला म्हणून नाहीसे होत नाही. ऊन पाणी काढते आणि बुरशीची पुढची वाढ थांबवते. झालेले रसायन तिथेच राहते.

गव्हाणीतून पेल्यापर्यंत

आपल्या हवामानात ज्या बुरशीची सर्वाधिक काळजी करावी, ती म्हणजे ॲस्परजिलस. तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. १९६०मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले आणि शोध घेताना त्यांच्या खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड सापडली. अफ्लाटॉक्सिनची ओळख तिथे झाली. भारतात १९७४मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला, नंतर नीट न वाळवता साठवलेला मका खाऊन लोकांना कावीळ आणि जलोदर झाला. शंभराच्या आसपास माणसे दगावली. त्याच घरांतले उष्टे खाणारे कुत्रेही मेले होते.

इतका तीव्र प्रकार क्वचित घडतो. नेहमी घडते ते हळूहळू आणि नजरेआड. गाईने किंवा म्हशीने अफ्लाटॉक्सिन बी-१ असलेले खाद्य खाल्ले, की तिचे यकृत त्याचे रूपांतर एम-१ या प्रकारात करते आणि त्यातला काही भाग दुधात उतरतो. खाल्लेल्या विषाच्या साधारण एक ते सहा टक्के भाग दुधात येतो असे दिसून आले आहे. दूध जास्त देणाऱ्या जनावरात हे प्रमाण जास्त असते. पहिल्या एक-दोन धारांतच ते सापडू लागते. उष्णतेला ते दाद देत नाही, त्यामुळे दूध पाश्चराइज केले काय किंवा घरी उकळले काय, ते तसेच राहते. अफ्लाटॉक्सिनचा संबंध यकृताच्या कर्करोगाशी आहे आणि वजनाच्या मानाने सर्वांत जास्त दूध लहान मुले पितात, म्हणून जगभर दुधातल्या त्याच्या प्रमाणाला मर्यादा आहे. भारतात ती एका किलो दुधाला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. युरोपात तिच्या दहाव्या हिश्शाइतकी.

भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८मध्ये देशभर दुधाची पाहणी केली होती. ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त आढळले. दुधात युरिया आणि डिटर्जंट घालतात, या चर्चेच्या मानाने या आकड्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. कारण इथे कुणी भेसळ केलेली नसते. विष चाऱ्यातून आणि खाद्यातून आलेले असते आणि शेतकऱ्यालाही ते माहीत नसते.

यात एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अफ्लाटॉक्सिनचा मोठा वाटा शेंगदाणा पेंड, सरकी पेंड आणि मका यांतून येतो. बुरशीचा कडबा आणि बिघडलेला मुरघास त्यात भर घालतात. म्हणून पेंडीचे पोते ओल्या भिंतीला टेकून ठेवणे आणि गंजी उघडी ठेवणे, या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. दिलाशाची बाब अशी, की दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दुधातले एम-१ जवळपास नाहीसे होते. म्हणजे गव्हाणीत केलेली सुधारणा आठवड्याच्या आत दुधात दिसू शकते.

गंजी उपसणाऱ्याची छाती

बुरशीच्या चाऱ्याचा आणखी एक बळी असतो, तो म्हणजे ती गंजी उपसणारा माणूस. तापलेल्या दमट चाऱ्यात उष्णता आवडणारे काही जिवाणू आणि बुरशी वाढतात. पेंढी झटकली की त्यांचे असंख्य सूक्ष्म बीजाणू धुळीबरोबर श्वासात जातात. काही जणांच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया देते. काम झाल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला आणि धाप लागते, अंग मोडून येते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून ‘हवा बाधली’ किंवा ‘मलेरिया असेल’ असे म्हणून विषय संपतो. १९३२मध्ये इंग्लंडमध्ये या आजाराचे वर्णन झाले आणि त्याला ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ असेच नाव पडले. हे वर्षानुवर्षे होत राहिले, तर फुप्फुस कडक होत जाते आणि ते पूर्ववत होत नाही. ताप-खोकला दर वेळी कडबा किंवा पेंढा उपसल्याच्या संध्याकाळीच येतो, हे डॉक्टरांना सांगितले तर निदान सोपे होते. नाकावर उपरणे बांधल्याने हे बारीक बीजाणू अडत नाहीत. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

हिरव्या ज्वारीचा सापळा

पाणी कमी असणे नेहमीच चांगले, असा अर्थ यातून कुणी काढू नये. उभ्या पिकात नेमके उलटे घडते. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, त्याला गावाकडे ‘किराळ लागली’ म्हणतात. ज्वारीच्या पेशींत धुरिन नावाचे संयुग असते. १९०२मध्ये डन्स्टन आणि हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनी ते इजिप्तमधल्या कोवळ्या ज्वारीतून वेगळे काढले आणि ज्वारीच्या अरबी नावावरून त्याचे नाव ठेवले. धुरिन आणि त्याला फोडणारे विकर पानात वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. जनावराने पान चावले की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटते. ते पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. रक्तात प्राणवायू असतो, म्हणून रक्त लालभडक दिसते आणि तरीही जनावर गुदमरते. धाप, लाळ, झोकांड्या, झटके आणि काही मिनिटांत किंवा तासाभरात मृत्यू. पशुवैद्य वेळेत पोहोचला, तर शिरेतून द्यायची औषधे आहेत. घरगुती उपायांत वेळ घालवण्यासारखा हा आजार नाही.

धुरिन सर्वांत जास्त असते ते कोवळ्या पोंग्यांत आणि कापणीनंतर आलेल्या खोडव्याच्या फुटव्यांत. पावसाने ताण दिलेल्या, खुरटलेल्या पिकात ते वाढते. त्यानंतर पाऊस पडून भराभर फुटलेले हिरवेगार धुमारे दिसायला सर्वांत आकर्षक आणि खायला सर्वांत धोक्याचे. वर युरियाचा हात मारलेला असेल, तर अधिकच. म्हणून दोन फुटांपर्यंतच्या ज्वारीत जनावर सोडू नये आणि वैरणीसाठी कापायची ती निम्मे पीक फुलोऱ्यात आल्यावर, हा सल्ला दिला जातो. नीट वाळवल्यावर यातले बरेचसे विष उडून जाते, त्यामुळे चांगला वाळलेला कडबा या बाबतीत निर्धास्त असतो. बाजरीत धुरिन नसते; ताणाच्या काळात चाऱ्याचा पर्याय म्हणून तिचा विचार करता येतो, पण नायट्रोजन भरपूर दिलेल्या आणि ताण बसलेल्या बाजरीत नायट्रेट साठू शकते आणि ते वाळवून जात नाही.

पाणी हवे, पण हवा नको

चारा टिकवण्याची दुसरी रीत म्हणजे मुरघास. यात पाणी काढायचे नसते, हवा काढायची असते. मक्याचा दाणा चिकात असताना, पिकात ६५ ते ७० टक्के पाणी असताना, त्याची एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करून ती खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून भरतात. हवा संपली की बुरशी वाढू शकत नाही आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू साखरेवर काम करतात. हे दह्याच्या विरजणाशी मिळतेजुळते आहे. आम्लता वाढून सामू चारच्या आसपास आला की चारा टिकतो. साधारण ४५ दिवसांनी मुरघास वापरायला काढतात.

मूठभर कुट्टी दाबून पाहिली की अंदाज येतो. बोटांतून पाणी ठिबकले तर जास्त ओली, मूठ उघडताच विस्कटली तर जास्त कोरडी. गोळा सावकाश सुटला तर बेताची. मुरघास बिघडतो तो बहुतेक वेळा भरताना कमी दाबल्यामुळे किंवा पिशवीला उंदराने पाडलेल्या भोकामुळे. आंबट-गोड वास चांगल्या मुरघासाचा. कुजकट वास, चिकटपणा किंवा रंगीत बुरशी दिसली की तो भाग टाकायचा. आम्लता कमी राहिलेल्या मुरघासात लिस्टेरिया हा जिवाणू वाढू शकतो. त्याने जनावराच्या मेंदूला सूज येते, ते एकाच दिशेने गोल फिरू लागते आणि कच्च्या दुधातून हा जिवाणू माणसातही येऊ शकतो. गर्भवतींना याचा विशेष धोका. हा जिवाणू मात्र दूध उकळल्याने मरतो.

घरच्या घरी करता येईल असे

ओलावा मोजायचे यंत्र नसले तरी चालते. कडब्याचे कांडे पेरापाशी वाकवावे. कट्कन मोडले तर वाळले, नुसते वाकले तर आत ओल आहे. दुसरी चाचणी मिठाची. कोरड्या काचेच्या बरणीत बारीक तुकडे केलेला चारा आणि चमचाभर पूर्ण कोरडे मीठ घालून झाकण लावावे आणि काही मिनिटे हलवावे. मिठाचे गोळे झाले, तर चाऱ्यात १५ टक्क्यांहून जास्त ओलावा आहे असे समजावे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ पाणी धरते आणि चाऱ्याला धोका सुरू होतो तोही साधारण त्याच सीमेवर.

गंजी किंवा बुचाड जमिनीला टेकवून रचू नये. खाली दगड, लाकडे किंवा फळ्या टाकाव्यात. वरून कागद टाकावा, पण चारही बाजूंनी गुंडाळू नये, नाहीतर आतलीच वाफ थंड होऊन पाणी बनते. नव्या गंजीत पहिले काही आठवडे लोखंडी पहार खुपसून पंधरा-वीस मिनिटांनी काढून पाहावी. तिला चटका बसण्याइतकी ऊब असेल, तर गंजी मोडून पसरावी, पण आत धुमसत असल्यास हवा लागताच पेट घेते, म्हणून पाणी हाताशी ठेवावे.

आणि ज्याची गंजी भिजलीच, त्याने? पाऊस थांबताच ती उलगडून, कोरडी आणि ओली पेंढी वेगळी करावी. ओली पसरून वाळवावी, बुरशी लागायच्या आत. ज्या पेंढ्यांना बुरशी लागली, त्या शेणखताच्या खड्ड्यात घालाव्यात. चांगल्यात मिसळून त्या खपवल्या, तर चार पेंढ्यांच्या लोभात सगळी गंजी बिघडवल्यासारखे होते. गाभण आणि दुभत्या जनावरांना आणि वासरांना तर अशा चाऱ्याची एक काडीही देऊ नये. गाभण जनावर गाभडले, दूध अचानक घटले किंवा जनावर वैरण सोडून उभे राहिले, तर पशुवैद्यांना चाऱ्याचा नमुना आवर्जून दाखवावा. आजाराचे कारण बऱ्याचदा जनावरात शोधले जाते आणि गव्हाणीत पडून राहते.

दूध संकलन केंद्रावर स्निग्धांश मोजतात, पाणी घातले आहे का ते पाहतात. चाऱ्यात पाणी किती होते, हे मात्र कुणी विचारत नाही. गंजी रचण्याआधी ते शेतकऱ्यालाच विचारावे लागते आणि त्याला लागते काय, तर एक बरणी आणि चमचाभर मीठ.